सरकता काठ

दरवर्षी २९ ऑक्टोबरला, म्हणजे बहुतेकदा दिवाळीच्या आगेमागे, नांदेड जिल्ह्यातल्या धर्माबाद तालुक्यात बाभळी बंधाऱ्याचे १४ दरवाजे खाली टाकले जातात. ही तारीख सर्वोच्च न्यायालयाने ठरवून दिलेली आहे. महाराष्ट्र आणि तेव्हाचा आंध्र प्रदेश यांच्या वादाचा निकाल २८ फेब्रुवारी २०१३ रोजी लागला. १ जुलै ते २८ ऑक्टोबर दरवाजे उघडे ठेवायचे आणि पावसाळ्याचे पाणी खाली श्रीरामसागरात, म्हणजे इकडच्या बोलीतल्या पोचमपाडात, जाऊ द्यायचे. त्यानंतर २.७४ टीएमसीपर्यंत पाणी अडवायचे. १ मार्चला त्यातले ०.६ टीएमसी पुन्हा खाली सोडायचे. बंधारा उभा आहे तो पोचमपाडच्याच फुगवट्यात. परराज्यातल्या धरणाचे पाणी जिथवर येऊन टेकते, तिथे महाराष्ट्राने आपला बांध घातलेला आहे.

त्यामुळे बाभळीच्या वरच्या अंगाला गोदावरीचा काठ वर्षभर जागा बदलत राहतो. पावसाळ्यात तो पुराबरोबर शेतात शिरतो, दरवाजे पडले की फुगवट्याच्या पातळीला येऊन थांबतो आणि मार्चपासून उतरणीला लागतो. दरवाजे पडेपर्यंत बरेचसे पाणी निघून गेलेले असते, ही धर्माबाद-बिलोलीकडची जुनी तक्रार. जे पाणी उरते त्याच्या मागोमाग शेतकऱ्याची मोटार, पाइप आणि भोयांच्या होड्या खाली खाली सरकत जातात.

मराठवाड्यातल्या बहुतेक जलाशयांचे थोड्याफार फरकाने असेच आहे. विभागाची पावसाळ्याची सरासरी ६७९ मिलिमीटर. तीही चार महिन्यांत सारखी वाटून पडत नाही, मोजक्याच दिवसांत उरकते. उरलेले वर्ष पिण्यासाठी, शेतासाठी, कारखान्यासाठी उपसा चालू असतो. त्यात उन्हाने वर्षाकाठी दीड ते दोन मीटर पाणी नुसते उडून जाते. इथली जमीन सपाट. जिथे शंभर मीटरला एक मीटर उतार आहे, तिथे पाण्याची पातळी एक मीटरने उतरली की काठ शंभर मीटर आत जातो. पाच मीटर उतरली तर अर्धा किलोमीटर. ऑक्टोबरात बंगल्याच्या पायरीशी आलेले पाणी मे महिन्यात दुर्बिणीतून पाहावे लागते.

आणि तरीही तलावाच्या विकासाचा आराखडा कागदावर उतरला की काठाची एकच पक्की रेघ निघते. रेघेवर संरक्षक भिंत, भिंतीवर रेलिंग, रेलिंगलगत पेव्हर ब्लॉकचा फिरण्याचा रस्ता, दर काही पावलांवर दिवा, मधोमध कारंजे, टोकाला नावाची मोठी अक्षरे आणि सेल्फी पॉइंट. शहराला फिरायला जागा हवी, मुलांना पाणी दिसावे, संध्याकाळी वारा लागावा, ही मागणी अगदी रास्त आहे. नांदेड-लातूरसारख्या तापणाऱ्या शहरांत तर ती चैन मुळीच नाही. प्रश्न आहे तो कागदावरच्या त्या रेघेचा. पाणी ज्या पट्ट्यात वर्षभर मागेपुढे होते, तो सगळा पट्टाच इथला काठ आहे. त्यावर आधीपासून माणसे, गुरे, मासे आणि पाखरे आपापली कामे करीत आली आहेत. काठाचा विकास करायचा तर सुरुवात हा पट्टा मोजण्यापासून व्हायला हवी.

गाळपेर

या पट्ट्याला मराठवाड्यात नाव आहे: गाळपेर. धरणासाठी संपादित झालेली, पावसाळ्यात बुडणारी आणि पाणी हटले की उघडी पडणारी जमीन. मालकी जलसंपदा विभागाची. विभाग ती हंगामापुरती भाडेपट्ट्याने देतो आणि प्रकल्पात ज्यांची जमीन गेली त्यांना त्यात प्राधान्य असते. स्वतःच्याच बुडालेल्या शेताचा तुकडा वर्षातून चार महिने परत कसायला मिळतो, असे या व्यवस्थेचे साधे रूप आहे.

गाळपेराची पेरणी पंचांग पाहून होत नाही, पाणी पाहून होते. पाणी दोन-चार हात मागे गेले की मागे उरतो तो काळाभोर, चिकट, शेवाळाचा वास येणारा गाळ. पहिले काही दिवस त्यात पाय पोटरीपर्यंत जातो. वर पापुद्रा धरला, टाच रुतते पण बुडत नाही, अशी वेळ आली की बी टोकायचे. उशीर झाला तर त्याच गाळाला मनगट जाईल एवढ्या भेगा पडतात आणि ओल खाली निघून जाते. म्हणून पेरा एकदम होत नाही. पाण्यामागे एकेक पट्टा होत जातो. काठावरून पाहिले तर वरच्या पट्ट्यातला हरभरा फुलावर, त्याखालचा नुकता फुटलेला आणि अगदी पाण्यालगत अजून ओला चिखल, असे एकाच शेतात तीन-तीन वयांचे पीक दिसते. गहू, ज्वारी, मका, भाजीपाला, नदीपात्रात टरबूज-खरबूज असे बरेच काही या ओलीवर निघते.

दुष्काळात या जमिनीची किंमत कळते. २०१८ मध्ये चाराटंचाईच्या तोंडावर राज्य सरकारने गाळपेर क्षेत्र चारापिकांसाठी नाममात्र एक रुपया भाड्याने देण्याचा निर्णय घेतला. बियाणे सरकारकडून, पाणी जलाशयातले आणि अट एकच, चारा काढायचा. त्याच्या आधी, मे २०१७ मध्ये, ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना आली. उन्हाळ्यात कोरड्या पडलेल्या तलावातला गाळ शेतकऱ्याने स्वखर्चाने वाहून आपल्या रानात पसरायचा, जेसीबीचा खर्च योजनेतून. दोन्ही निर्णयांच्या मुळाशी एकच ओळख आहे. तलावाचा उघडा पडलेला तळ ही पडीक जागा नाही, जिल्ह्याच्या शेतीचा तो राखीव साठा आहे.

गाळपेराला दुसरी बाजूही आहे. पाण्याच्या अगदी कडेला फवारलेले कीटकनाशक आणि टाकलेला युरिया पुढच्या पावसात जलाशयात उतरतो, आणि तेच पाणी शहर पिते. नांगरट केली तर सुटी माती पहिल्याच लाटेला तळाशी जाऊन बसते. अनेक ठिकाणी पट्टा एकाच्या नावावर आणि कसणारा दुसराच असतो. म्हणून गाळपेर जसेच्या तसे राहू द्या, एवढे म्हणून भागत नाही. विनानांगर, विनाफवारणी पिके, विशेषतः चारा आणि कडधान्ये, यांचा आग्रह धरायला जागा आहे. पण त्या पट्ट्यावर काँक्रीट ओतले की ही चर्चाच संपते.

टिटवी आणि मरळ

शेतीइतकाच हा पट्टा पाण्याच्या कडेने जगणाऱ्या जिवांचा आहे. शेकाट्या लांब पायांवर गुडघाभर पाण्यात चालतो, छोटे तुतवार पाऊलभर पाण्याच्या कडेने चिखलात चोच खुपसतात, चित्रबलाक थोड्या खोल पाण्यात उघडी चोच बुडवून मासा लागायची वाट पाहतो. प्रत्येकाच्या पायाची लांबी आणि चोचीची ठेवण वेगळी, म्हणून प्रत्येकाला वेगळ्या खोलीचे पाणी लागते. उथळ उतार असेल तर या सगळ्या खोल्या शेजारी शेजारी मिळतात. उभी भिंत बांधली की एकीकडे कोरडी फरशी आणि दुसरीकडे दोन मीटर पाणी. मधले सगळे जाते, आणि त्याबरोबर मधल्या पाण्यावर जगणारेही.

हिवाळ्यात हिमालयापलीकडून येणारे पट्टकादंब आणि चक्रवाक दिवसा जलाशयावर विसावतात, रात्री काठच्या शिवारात चरतात. टिटवी आणि नदी सुरय घरटे म्हणून काही बांधतच नाहीत. उघड्या खडकाळ काठावर, नाहीतर पाणी उतरल्यावर वर आलेल्या बेटावर उन्हाळ्यात अंडी घालतात. त्या अंड्यांचा रंग आसपासच्या खड्यांसारखा असतो. मोटारसायकल घेऊन पाण्यापर्यंत जाणाऱ्याला ती दिसतही नाहीत.

माशांचेही तसेच. धरणात कटला, रोहू, मृगळ यांची बोटुकली सोडली जाते. पण मरळीसारखा गावरान मासा काठच्या गवताळ उथळ पाण्यात वीण करतो आणि नर-मादी पिलांच्या लालसर थव्याभोवती राखण करीत फिरतात. लव्हाळा आणि पाणकणीस उपटून काठ ‘स्वच्छ’ केला की ही जागा नाहीशी होते. मच्छिमार संस्थेला मग दरवर्षी विकतच्या बीजावर अवलंबून राहावे लागते. जलपर्णी आणि बेशरम काढायलाच हव्यात, कारण त्या पाणी गिळतात. पण लव्हाळ्याची आणि जलपर्णीची एकाच यंत्राने सरसकट सफाई करणे हे अज्ञानाचे काम आहे.

मांजरा: काठ नाहीसा झाला तेव्हा

लातूरचे पाणी बीड जिल्ह्यातल्या धनेगावजवळच्या मांजरा धरणातून येते. एकूण साठा २२४ दशलक्ष घनमीटर, त्यातला उपयुक्त सुमारे १७७. धरण भरले की लातूर शहर, केज, कळंब, अंबाजोगाई, लातूरची औद्योगिक वसाहत आणि नदीकाठचा ऊस सगळे निवांत. पण २०१५ च्या पावसाळ्यानंतर साठा मृतसाठ्याखाली गेला. मार्च २०१६ मध्ये लातुरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदीचे १४४ कलम लावावे लागले. १२ एप्रिलला पहाटे मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे आली. दहा वाघिणी, प्रत्येकीत सुमारे ५० हजार लिटर. पुढे ५० वाघिणींची गाडी येऊ लागली, एका फेरीला २५ लाख लिटर. त्याच उन्हाळ्यात लातूरकरांनी वर्गणी काढून ‘जलयुक्त लातूर’ चळवळीत साई ते नागझरी पट्ट्यात मांजरेचे पात्र रुंद आणि खोल केले. त्यानंतर पाऊस पडला. धरण पुन्हा भरले, पुन्हा आटले आणि सप्टेंबर २०२१ मध्ये तर दरवाजे उघडून पाणी सोडायची वेळ आली. सहा वर्षांच्या आत एकाच जलाशयाने कोरडा तळ आणि काठोकाठ पूर ही दोन्ही टोके दाखवली.

अशा जलाशयाच्या काठी पर्यटन करायचे म्हटले तर कोणत्या वर्षाचा काठ धरायचा? नौकाविहाराचा धक्का पूर्ण पातळीला बांधला तर टंचाईच्या वर्षी तो मैदानात उभा राहतो आणि बोट चिखलात. खाली बांधला तर भरल्या वर्षी पाण्याखाली जातो. जलसंपदा विभागाने धरणालगतच्या जागा आणि विश्रामगृहे खासगी सहभागातून पर्यटनासाठी देण्याचे धोरण आखले आहे. पश्चिम महाराष्ट्रातल्या भरवशाच्या धरणांवर कदाचित ते चालेल. मराठवाड्यात मात्र गुंतवणूकदाराला पाण्याची दर्शनी पातळी टिकवून ठेवावीशी वाटणार, आणि ती टिकवायची म्हणजे कुणाचे तरी आवर्तन थांबवायचे. पिण्याच्या पाण्याच्या धरणावर असा हितसंबंध उभा करणे किती धोक्याचे आहे, हे २०१६ सोसलेल्या शहराला वेगळे सांगायला नको.

मराठवाड्यात याचा एक जुना धडा पैठणला आहे. जायकवाडीच्या पायथ्याला म्हैसूरच्या वृंदावनाच्या धर्तीवर संत ज्ञानेश्वर उद्यान उभे राहिले. शाळांच्या सहली, रंगीत कारंजी, रविवारची गर्दी, सगळे तिथे होते. २००६ च्या पुरात धरणातून प्रचंड विसर्ग करावा लागला आणि उद्यानाची मोठी हानी झाली. त्यानंतर ते पूर्वीचे वैभव सहजासहजी परत आले नाही. त्याच धरणाच्या वरच्या अंगाला, काहीही न बांधलेल्या चिखलाच्या काठावर, १९८६ मध्ये पक्षी अभयारण्य जाहीर झाले आणि थंडीत तिथे पाखरे येतच राहिली.

नांदेडचा घाट

नांदेडची गोष्ट तळ्याची आणि नदीची एकत्र आहे. शहराच्या वर विष्णुपुरीला गोदावरी अडवून शंकरसागर जलाशय झाला. शंकरराव चव्हाणांच्या आग्रहातून आलेला हा प्रकल्प. साठा सुमारे ८० दशलक्ष घनमीटर आणि पाणी उचलून लोहा-कंधारकडच्या उंच जमिनीला देणारी उपसा योजना. १८ दरवाज्यांचे हे धरण गोदावरीच्या पुराच्या मानाने लहान आहे. एका चांगल्या पुरात भरते आणि मग दरवाजे उघडझाप करीत बसावे लागते. जलाशयाच्या परिसरात अभियांत्रिकी महाविद्यालय, स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ, वैद्यकीय महाविद्यालय, काळेश्वराचे मंदिर. नांदेडकराला पाणी पाहायला जायचे तर हाच रस्ता. नांदेडचे पिण्याचे पाणीही इथलेच, म्हणून या काठावर काय होते याला शहराच्या आरोग्याच्या दृष्टीने मोल आहे.

धरणाच्या खाली शहरातले घाट लागतात. गुरू गोविंदसिंगजी १७०८ मध्ये याच गोदाकाठी होते. बंदासिंग बहादूर यांची भेट इथलीच. २००८ मध्ये गुरू-ता-गद्दीला, म्हणजे गुरू ग्रंथ साहिबाला गुरुपद मिळाल्याला, तीनशे वर्षे झाली आणि केंद्राच्या नागरी पुनरुत्थान अभियानात नांदेडची निवड झाल्याने शहरात रस्ते, पूल, जलवाहिन्या आणि गोदाकाठाची मोठी कामे झाली. नगिना घाट, बंदा घाट, गोवर्धन घाट यांना आजचे रूप आले. भाविकांना सुरक्षित स्नान, अंत्यविधीला जागा, संध्याकाळी बसायला पायऱ्या मिळाल्या. शहराने हा काठ मनापासून स्वीकारला आहे.

घाट ही पाण्याच्या मागेपुढे होण्याची जाण असलेली रचना आहे. पायरी कोणत्याही पातळीला काठ होऊ शकते. पाणी चढले की वरच्या पायरीवर स्नान, उतरले की खालच्या. मराठवाड्यातल्या बारवाही याच विचाराने बांधल्या. त्यात दोन-चार टप्पे पाण्याखाली जाणारच, हे गृहीत धरलेले असते. विष्णुपुरीचे दरवाजे उघडले की नगिना घाटाच्या पायऱ्या बुडतात, पाणी ओसरले की गाळ धुऊन काढला जातो, संपले. अडचण होते ती पायऱ्यांच्या आसपास पूररेषेच्या आत उभ्या राहणाऱ्या सपाट गोष्टींची: भराव टाकलेले मैदान, टपऱ्या, विजेचे खांब, भिंत. राज्यात नदीकाठी निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळीच्या आत बांधकामाला मनाई, दोहोंच्या मध्ये नियंत्रण. ही रेषा नकाशात असते, पण रस्त्यावरून चालणाऱ्याला ती कुठे आहे हे सांगणारा एक दगडही सापडत नाही.

घाट कितीही देखणे केले तरी पाणी त्यांच्या हातात नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या यादीत महाराष्ट्रातले ५३ प्रदूषित नदीपट्टे होते. त्यात गोदावरीचा नाशिकच्या सोमेश्वरापासून नांदेड जिल्ह्यातल्या राहेरपर्यंतचा पट्टा सर्वांत गंभीर वर्गात होता. नाशिकपासून राहेरपर्यंत सगळ्यांचे सांडपाणी या एका ओळीत येते. नांदेडचे नालेही त्यात आहेत. सुशोभीकरणाचा पैसा दिसतो आणि सांडपाण्याचा पैसा जमिनीखाली जातो, म्हणून पहिला आधी मंजूर होतो. दुर्गंधी सुटलेल्या पाण्याकाठी संगमरवरी बाक टाकून कोणी बसत नाही, हे मात्र सगळ्याच शहरांना नंतर कळते.

कायद्याची फट

तलावाचा काठ राखायला कायदा आहे, पण तो मराठवाड्यात पोचेपर्यंत विरतो. केंद्राचे पाणथळ जागांचे नियम २०१७ चे. मागच्या दहा वर्षांच्या सरासरी महापूर पातळीपासून ५० मीटरच्या आत बोटीचा धक्का सोडून कायमचे बांधकाम करायचे नाही, असे ते सांगतात. पण पिण्याच्या पाण्यासाठी किंवा सिंचनासाठी मुद्दाम बांधलेले मानवनिर्मित जलाशय त्याच नियमांच्या व्याख्येतून वगळले आहेत. कोकणात खाडी आहे, विदर्भात लोणार आहे. मराठवाड्यात जवळजवळ जे काही पाणी दिसते ते कुणीतरी अडवलेले आहे. म्हणजे विष्णुपुरी, मांजरा, लिंबोटी, सगळेच व्याख्येबाहेर. दुसरीकडे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१७ मध्ये उपग्रह नकाशातल्या २,०१,५०३ पाणथळ जागांना नियमांच्या तत्त्वांनुसार संरक्षण द्यायला सांगितले. त्या नकाशात तलाव आणि धरणेही आहेत.

या दोहोंच्या मधल्या फटीतून दोन गाजलेली प्रकरणे गेली. मुंबईत पवई तलावाच्या कडेने महापालिकेने सायकल आणि जॉगिंगचा मार्ग बांधायला घेतला. तलाव १८९१ च्या सुमाराचा, म्हणजे माणसाने बांधलेला. ६ मे २०२२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने हे काम बेकायदा ठरवले आणि जे बांधले ते काढून काठ पूर्ववत करायला सांगितले. नागपुरात फुटाळा तलावावर संगीत कारंजे, प्रेक्षक गॅलरी आणि पाण्यात तरते उपाहारगृह यांवर वाद झाला. ७ ऑक्टोबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने भोसलेकालीन फुटाळा मानवनिर्मित असल्याने नियमांतली ‘पाणथळ जागा’ ठरत नाही, हे उच्च न्यायालयाचे मत कायम केले. मात्र सरकार सार्वजनिक संपत्तीचे विश्वस्त आहे हे तत्त्व मानवनिर्मित जलाशयांनाही लागू होते, असे त्याच निकालात म्हटले. मराठवाड्यासाठी हे वाक्य मोलाचे आहे. व्याख्येतून सुटले म्हणून जबाबदारीतून सुटत नाही.

घरचे उदाहरण छत्रपती संभाजीनगरचे आहे. दिल्ली दरवाजाजवळचा जुना खिजरी तलाव, आताचे सलीम अली सरोवर. शहराच्या मधोमध पाखरांची जागा आणि तिथेच महापालिकेचे उद्यान. वाद उच्च न्यायालयाच्या खंडपीठात गेला आणि उद्यान लोकांसाठी बंद राहिले. पाखरांना शांतता मिळाली, पण शहराला तलावच दिसेनासा झाला. सगळे बांधून टाकणे आणि सगळे बंद करून टाकणे, या दोन्ही वाटा नियोजन आधी झाले नाही म्हणून उरतात.

कंधारचा समुद्र

नांदेडपासून पन्नासेक किलोमीटरवर कंधार. किल्ला, हाजी सय्याह सरवर मखदूम यांचा दर्गा आणि जगत्तुंग समुद्र नावाचा तलाव. ‘जगत्तुंग’ ही राष्ट्रकूट राजा तिसऱ्या गोविंदाची पदवी. तिसऱ्या कृष्णाच्या काळातल्या, म्हणजे दहाव्या शतकातल्या, कंधारच्या शिलालेखात हे नाव येते. म्हणजे हजार वर्षांहून जास्त काळ या गावाने एक मानवनिर्मित जलाशय सांभाळला आहे. बांध फुटला, गाळ भरला, राजवटी बदलल्या, तरी पाणी साठायची जागा मोकळी राहिली म्हणून तलाव राहिला.

इतका जुना तलाव टिकवायचा तर त्याच्या काठापेक्षा त्याच्या पाणलोटाकडे आधी पाहावे लागते. पाणी येण्याचे ओढे मोकळे आहेत का, सांडव्यापुढे घरे झाली आहेत का, गावाची गटारे कुठे उतरतात, गाळ किती साठला आणि तो कोणत्या शिवारात जाऊ शकतो. वारसा म्हणून फलक लावणे चांगलेच. पण तलावाची खरी दुरुस्ती त्याच्या वरच्या माळावर, चर खणून आणि गवत राखून होते.

नव्या धरणाची पाणी साठायची जागा मात्र माणसे उठवूनच मोकळी होते. माणसे आधी हलवायची की पाणी आधी अडवायचे, या प्रश्नाची किंमत मुखेड तालुक्याने मोजली. १७-१८ ऑगस्ट २०२५ च्या रात्री अतिवृष्टी झाली आणि घळभरणी झालेल्या लेंडी प्रकल्पाच्या वरच्या अंगाला हसनाळ, रावणगाव, भासवाडी, भिंगेली या गावांत पाणी शिरले. माणसे दगावली, जनावरे वाहून गेली. पुनर्वसन पुरे होण्याआधी पाणी अडवले, हा गावकऱ्यांचा आक्षेप होता. बुडीत रेषेच्या आत माणूस राहत असताना ती रेषा कागदावर ठेवणे काय असते, ते एका रात्रीत दिसले. सहलीच्या हॉटेलाला हीच रेषा शिथिल करून मागणाऱ्यांनी हसनाळ विसरू नये.

पट्ट्याप्रमाणे बांधणी

मग काठावर काहीच करायचे नाही का? करायचे, पण पट्ट्याप्रमाणे. प्रत्येक धरणाला पूर्ण संचय पातळी, महत्तम पूर पातळी आणि संपादनाची हद्द अशा तीन रेषा मोजून ठरलेल्या असतात. त्याच आराखड्याचा पाया होऊ शकतात.

पूर पातळीच्या वर, संपादन हद्दीलगत, शहराला हवे ते बरेचसे मावते: मुरमाचा पायरस्ता, बाक, स्वच्छतागृह, पिण्याचे पाणी, सायकली ठेवायची जागा. सावलीला करंज, जांभूळ, उंबर, ओलीच्या जागी अर्जुन आणि वाळुंज. दिवे बुटके आणि जमिनीकडे तोंड केलेले. हायमास्टचा झोत पाण्यावर टाकायचे कारण नाही, रात्री पाण्यावर विसावलेल्या पाखरांना तो हुसकावून लावतो. वाहने इथेच थांबावीत.

पूर पातळी आणि पूर्ण संचय पातळी यांच्या मध्ये गवत आणि झुडपे, कायम बांधकाम शून्य. फार तर मनोरा एखादा, लाकडी, पाणी आले तर जाऊ देणारा.

त्याखाली गाळपेराचा पट्टा. इथे पेव्हर नको, भराव नको. ठरावीक दोन-तीन ठिकाणी घाटासारख्या पायऱ्या खोलवर उतरवाव्यात, म्हणजे टंचाईच्या वर्षीही लोकांना पाण्यापर्यंत जाता येईल आणि बाकीचा काठ मोकळा राहील. एक भाग चारापिकांना, एक भाग मच्छिमारांच्या होड्या-जाळ्यांना, एक भाग विणीच्या हंगामात बंद. मूर्तिविसर्जनासाठी हौद काठाबाहेर.

सांडपाण्याचे काय करता येते, याचे चांगले उदाहरण बेंगळुरूच्या जक्कूर तलावावर आहे. तिथे दररोज एक कोटी लिटर सांडपाणी शुद्धीकरण केंद्रातून काढून आधी पाणवनस्पतींच्या उथळ पाणथळीत सोडले आणि तिथून तलावात. पाणकणीस आणि लव्हाळा नत्र-स्फुरद शोषून घेतात. तलावात वर्षभर पाणी राहते, मासेमारी चालते, सकाळी माणसे फिरतात. पाणकणीस मराठवाड्यात कुठल्याही नाल्याच्या तोंडाशी आपोआप उगवते. त्याला जागा दिली तर नाल्याचे निम्मे काम ते करू शकते, अर्थात केंद्र चालू असेल तरच.

ही कामे ज्यांच्या हाती आहेत त्यांची नावे वेगवेगळी आहेत. जमीन जलसंपदाची, नाले महापालिकेचे, पैसा जिल्हा नियोजन समितीचा, मासे मत्स्यव्यवसाय विभागाचे, पाखरे वन विभागाची. प्रत्येक जण आपल्या खात्याचा तुकडा करतो. म्हणून नांदेड आणि लातूरने आपापल्या जलाशयासाठी एक साधी गोष्ट ठरवावी. एप्रिल-मे महिन्यांत, पाणी सर्वांत खाली गेलेले आणि अख्खा पट्टा उघडा पडलेला असताना, पाचही खात्यांनी मच्छिमार संस्था आणि गाळपेरवाल्या शेतकऱ्यांना बरोबर घेऊन काठाची संयुक्त मोजणी करावी. तिन्ही रेषांवर दगड रोवावेत आणि त्यांवर पातळीचा आकडा मराठीत कोरावा. त्यानंतरच निविदा निघावी. तिच्यात नाला वळवण्याचे आणि शुद्धीकरणाचे काम पहिल्या क्रमांकावर असावे, झाडे आणि पायरस्ता त्यानंतर, आणि पहिले काम पूर्ण झाल्याचा दाखला मिळाल्याखेरीज पुढच्याचे देयक निघू नये. विष्णुपुरीसाठी अशी मोजणी एका उन्हाळ्यात सहज होऊ शकते. मांजऱ्यासाठी बीड, धाराशिव आणि लातूर या तीन जिल्ह्यांनी एकत्र बसावे लागेल, कारण त्या जलाशयाचा काठ कोणत्याही एका जिल्हाधिकाऱ्याच्या हद्दीत पुरा मावत नाही.